रक्तवाहिनी आवळते कशी, सैलावते कशी आणि सर्जनला त्याची फिकीर का असते

एखादी धमनी पूर्ण तुटली तर रक्त जास्त जाईल, की अर्धवट कापली गेली तर? बहुतेक जण ‘पूर्ण तुटली तर’ असं म्हणतील. हातापायांतल्या मध्यम आकाराच्या धमन्यांच्या बाबतीत बऱ्याचदा उलट घडतं. पूर्ण तुटलेल्या धमनीची दोन्ही टोकं आत ओढली जातात आणि आवळतात, तोंड बारीक होतं, तिथे रक्ताची गुठळी बसायला वाव मिळतो. अर्धवट कापलेल्या धमनीला आत सरकता येत नाही, कारण उरलेला अखंड भाग तिला धरून ठेवतो. ती आवळते तेव्हा जखमेच्या कडा एकमेकींपासून आणखी दूर ओढल्या जातात आणि रक्त वाहतच राहतं.

हे आवळण्याचं काम धमनीच्या भिंतीतला स्नायू करतो. भिंतीला तीन थर असतात. रक्ताला लागून पेशींचं एकपदरी अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. सर्वांत बाहेर तंतुमय आवरण असतं आणि त्यातून बारीक मज्जातंतू येतात. मधला थर गुळगुळीत स्नायूपेशींचा. मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळत्या अशा या पेशी वाहिनीभोवती वेढे घालून बसलेल्या असतात. दंडाच्या किंवा मांडीच्या स्नायूप्रमाणे हा स्नायू आपल्या इच्छेने चालत नाही. पण अगदी कमी ऊर्जा खर्चून तो तासन्‌तास आवळलेल्या अवस्थेत राहू शकतो.

थोडंसं आवळल्याने केवढा फरक पडतो, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. सरळ नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. दाब तोच ठेवून त्रिज्या 20 टक्क्यांनी कमी केली तर प्रवाह साधारण 41 टक्क्यांवर येतो. त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. खऱ्या धमन्या इतक्या आदर्श नसतात, पण हिशोबाची दिशा हीच असते. म्हणून या स्नायूला कोण, कधी आणि काय सांगतं हा प्रश्न ऑपरेशन टेबलवर जगण्या-मरण्याचा होऊ शकतो.

आधी पेशीच्या आत काय घडतं ते पाहू. शांत असलेल्या स्नायूपेशीत मोकळं कॅल्शियम नगण्य असतं. बाहेरच्या द्रवात ते आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट असतं. पेशी सतत पंप चालवून ही तफावत टिकवते, कारण तिचा सगळा कारभार या तफावतीवर चालतो. पेशीच्या आवरणात कॅल्शियमची दारं असतात. आवरणाच्या आत-बाहेरचा विद्युतभार बदलला की ती उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. याशिवाय पेशीच्या आतही कॅल्शियमचं एक कोठार असतं, वेळ पडली की तेही उघडतं.

आत आलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. कॅल्शियमचे चार आयन घेतलेलं कॅल्मोड्युलिन एका एंझाइमला जागं करतं. त्या एंझाइमचं नाव मायोसिन लाइट चेन कायनेज. नाव लांबलचक असलं तरी काम एकच आहे, मायोसिन या प्रथिनावर फॉस्फेटचा एक गट चिकटवायचा. फॉस्फेट लागलं की मायोसिन शेजारचा अ‍ॅक्टिनचा धागा पकडून ओढू लागतं आणि पेशी आखडते. वाहिनीभोवतीच्या हजारो पेशी एकत्र आखडल्या की तिचा घेर कमी होतो. हृदयाच्या स्नायूत कॅल्शियम थेट धाग्यावरच्या ट्रोपोनिनला चिकटतं, त्यामुळे तिथे सगळं क्षणात सुरू होतं आणि क्षणात थांबतं. वाहिनीच्या स्नायूत मध्ये फॉस्फेट लावण्याची पायरी आहे. म्हणून इथे आकुंचन सावकाश येतं, पण टिकून राहतं.

ही साखळी सुरू करणारे निरोप अनेक ठिकाणांहून येतात. मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि पेशीवरच्या अल्फा-1 रिसेप्टरवर, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर, बसतं. गुठळी करणाऱ्या प्लेटलेट्स या रक्तकणांमधून थ्रॉम्बोक्सेन आणि सेरोटोनिन येतात. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन येतं, मूत्रपिंडातून सुरू होणाऱ्या साखळीतून अँजिओटेन्सिन येतं, आणि एंडोथेलियमच्या पेशी एंडोथेलिन बनवतात. एंडोथेलिन 1988 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. वाहिनी आवळणाऱ्या ज्ञात पदार्थांत ते अतिशय जबरदस्त मानलं जातं. रिसेप्टर वेगवेगळे असले तरी पुढचा रस्ता बराचसा सारखा आहे. आवरणाच्या आतल्या बाजूला एक एंझाइम चरबीच्या एका रेणूचे दोन तुकडे करतं. एक तुकडा आतल्या कोठाराचं दार उघडून कॅल्शियम सोडतो, दुसरा आवळण्याची प्रक्रिया आणखी पक्की करतो.

सोप्या लेखांत गोष्ट बहुधा इथेच संपते. पण शस्त्रक्रियेच्या दृष्टीने मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. फॉस्फेट लावणारं एंझाइम आहे तसं काढणारंही आहे, मायोसिन फॉस्फेटेज. दोघांचं काम एकाच वेळी चालू असतं. टाकीत वरून नळ पडतोय आणि खालच्या तोटीतून पाणी जातंय, तशी ही स्थिती. पातळी वाढवायची तर नळ मोठा सोडा, नाहीतर तोटी दाबून धरा. कॅल्शियम नळ सोडतं. तोटी दाबणारा गडी वेगळाच आहे, त्याचं नाव रो-कायनेज. नॉरअ‍ॅड्रेनलिन, थ्रॉम्बोक्सेन, एंडोथेलिन यांचे निरोप त्याच्यापर्यंतही जातात आणि तो फॉस्फेटेजला निष्क्रिय करतो. मग पेशीतलं कॅल्शियम खाली आलं तरी स्नायू आवळलेलाच राहतो. कॅल्शियमची दारं बंद करणारं औषध देऊनही एखादी वाहिनी हट्टाने आवळून का बसते, त्याचं एक उत्तर इथे आहे. औषधाने नळ बंद केला, पण तोटी अजून दाबलेलीच आहे.

सैलावण्याचा निरोपही तितकाच महत्त्वाचा. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करत होते. अ‍ॅसिटिलकोलिन घातलं की तुकडा कधी सैलावायचा, कधी नाही. तुकडे तयार करताना आतलं अस्तर घासलं गेलं असेल तर तो सैलावत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे स्नायूला सैल सोडणारा निरोप अस्तरातून येत होता. हे 1980 मध्ये प्रसिद्ध झालं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू आहे, हे सिद्ध व्हायला आणखी काही वर्षं गेली. फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो. तो शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू वाढवतो, आणि त्यामुळे कॅल्शियम उतरतं, फॉस्फेटेज पुन्हा कामाला लागतं, पोटॅशियमची दारं उघडून पेशी शांत होते. रक्त अस्तराला घासत वेगाने वाहिलं की अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवतं. छातीत दुखताना जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी हाच रेणू पुरवते. सिल्डेनाफिल सायक्लिक जीएमपी मोडू देत नाही, म्हणून ही दोन औषधं एकत्र आली तर रक्तदाब धोकादायक खाली जातो. सिल्डेनाफिल घेत असाल तर संकोच न करता सर्जनला सांगा.

आता ऑपरेशनकडे. बायपासमध्ये हृदयाच्या बंद झालेल्या धमनीला पर्यायी वाट म्हणून शरीरातलीच दुसरी वाहिनी जोडतात. त्यासाठी मनगटाची, म्हणजे जिथे नाडी बघतात ती रेडियल धमनी काढायची कल्पना फ्रान्समध्ये अलॅं कार्पांतिए यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. धमनी हाताशी होती, लांबीला पुरेशी होती, आणि तिच्याविना हाताचं बहुधा अडत नाही, कारण शेजारची अल्नर धमनी पंजाला रक्त पुरवते. तरीही थोड्याच काळात ही पद्धत सोडून द्यावी लागली. जोडलेल्या धमन्या आवळून बंद पडू लागल्या होत्या.

का, ते आता कळू शकतं. रेडियल धमनीचा मधला थर स्नायूंनी गच्च भरलेला असतो. तिला ओढलं, चिमट्यात धरलं, जवळून कॉटरीची, म्हणजे रक्त थांबवायला ऊती जाळणाऱ्या उपकरणाची, उष्णता लागली, ती थंड झाली, की यातली प्रत्येक गोष्ट पेशीसाठी निरोप ठरते. ताण बसला की आवरणातली ताणाला ओळखणारी दारं उघडतात, विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येतं. आतून दाब वाढला की धमनी उलट आवळते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ बेलिस यांनी 1902 मध्येच नोंदवलं होतं. त्यातच सुरुवातीच्या काळात आवळलेली धमनी रुंद करायला आतून धातूच्या सळ्या घालत. त्यांनी अस्तर खरवडलं जायचं आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या पेशीच जायच्या. त्या क्षणी धमनी रुंद दिसायची, पण सैलावण्याचा निरोप देणारं कुणी आत उरत नसे.

बंद पडल्या असं समजलेल्या काही जुन्या रेडियल धमन्या अनेक वर्षांनी तपासणीत उघड्या सापडल्या आणि 1992 च्या सुमारास याच फ्रेंच गटाने पद्धत परत आणली. या वेळी हाताळणी बदललेली होती. सळ्या गेल्या, धमनी शेजारच्या ऊतींसह अलगद काढायची, पापाव्हरीनसारख्या औषधाने सैल करायची, रुग्णाला कॅल्शियमची दारं बंद करणारं डिल्टियाझेम द्यायचं. आज अनेक केंद्रांत व्हेरापामिल आणि नायट्रोग्लिसरीनचं मिश्रण वापरतात. एक औषध कॅल्शियमचं दार बंद करतं, दुसरं सायक्लिक जीएमपी वाढवतं, म्हणजे दोन वेगळ्या रस्त्यांवर एकाच वेळी नाका बसतो. पापाव्हरीनचं द्रावण आम्लधर्मी असतं आणि ते अस्तराला अपाय करू शकतं, म्हणून कशात मिसळून द्यायचं याचाही विचार करावा लागतो.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. रेडियल धमनी फार थोड्या अडलेल्या हृदयधमनीला जोडली तर ती हळूहळू दोऱ्यासारखी बारीक होते. मूळ धमनीतून बरंच रक्त जातच असतं, नव्या वाटेने प्रवाह कमी राहतो. प्रवाह कमी म्हणजे अस्तरावरचं घर्षण कमी, घर्षण कमी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड कमी. म्हणून सर्जन ती भरपूर अडलेल्या धमनीसाठी राखून ठेवतात. छातीच्या आतली मॅमरी धमनी या बाबतीत भाग्यवान आहे. तिच्यात स्नायू कमी, लवचिक पापुद्रे जास्त, आणि अस्तर नायट्रिक ऑक्साइड मुबलक बनवतं. दहा वर्षांनंतरही अशा दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त जोडण्या चालू असतात.

आवळण्याचा निरोप सर्जन मुद्दामही पाठवतात. जागेवर भूल देताना इंजेक्शनात थोडं अ‍ॅड्रेनलिन मिसळलं की तिथल्या वाहिन्या आवळतात, रक्त कमी येतं, भूल जास्त वेळ टिकते. तुटलेलं बोट जोडताना उलट लागतं. तिथे खोली उबदार ठेवतात, वाहिनीवर औषध लावतात आणि तंबाखू सक्तीने बंद करतात, कारण मिलिमीटरभर रुंदीची धमनी थोडी आवळली तरी बोट जाऊ शकतं.

कमरेत इंजेक्शन देऊन अर्ध्या अंगाची भूल दिल्यावर अनेकांचं बीपी उतरतं. त्या इंजेक्शनाने वाहिन्यांना जाणाऱ्या मज्जातंतूंचा आवाज बंद होतो, नॉरअ‍ॅड्रेनलिनचा नेहमीचा झरा आटतो आणि स्नायू सैल पडतो. भूलतज्ज्ञ मग फिनाइलएफ्रिनसारखं औषध देतात, ते थेट अल्फा-1 रिसेप्टरवर बसतं. बीपीच्या गोळ्यांची यादी ते इतक्या बारकाईने विचारतात त्याचंही कारण यातच आहे. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या अँजिओटेन्सिनचा रस्ता अडवतात. भुलेने मज्जातंतूंचा रस्ता अडवला, गोळीने दुसरा, तर बीपी धरून ठेवायला फारसं काही उरत नाही. म्हणून अनेक ठिकाणी या गोळ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापासून थांबवतात. यावर डॉक्टरांत मतभेद आहेत आणि रुग्णानुसार निर्णय बदलतो. त्यामुळे स्वतःहून गोळी बंद करू नका, विचारा.

मोठ्या रक्तस्रावात एक विचित्र वाटणारी गोष्ट घडते. पिशवीमागून पिशवी रक्त चढवूनही दाब वर येत नाही. पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घातलेलं असतं आणि ते कॅल्शियमला पकडून ठेवतं. एरवी यकृत सायट्रेटचा निचरा करतं, पण घाईघाईने भरपूर रक्त दिलं की यकृत मागे पडतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम घसरतं आणि आवळण्याची साखळी पहिल्याच कडीला तुटते. हृदयाचा जोरही कमी होतो. अशा वेळी शिरेतून कॅल्शियम देणं हाच उपाय असतो.

सर्वांत अवघड प्रसंग हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर येतो. हृदय-फुफ्फुस यंत्राच्या नळ्यांतून फिरलेल्या रक्तामुळे शरीरभर दाह उसळतो. काही रुग्णांत हृदय व्यवस्थित चालतं, पण वाहिन्या सैल पडतात आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवत नेलं तरी आवळत नाहीत. याला व्हॅसोप्लेजिया म्हणतात. पेशीत डोकावलं तर तीन-चार गोष्टी एकदम बिघडलेल्या दिसतात. दाहामुळे नायट्रिक ऑक्साइडचा पूर आलेला असतो. ऊर्जा घटली आणि आम्लता वाढली की पोटॅशियमची खास दारं उघडतात. त्यामुळे पेशीचा विद्युतभार इतका खाली जातो की कॅल्शियमचं दार उघडतच नाही. अल्फा रिसेप्टर सततच्या माऱ्याने बधिर होतात. शरीरातला व्हॅसोप्रेसिनचा साठाही संपत येतो.

अशा वेळी तेच औषध आणखी ओतण्यापेक्षा दुसरा रस्ता धरणं शहाणपणाचं, आणि पेशीतली साखळी ठाऊक असेल तरच तो सुचतो. व्हॅसोप्रेसिन वेगळ्या रिसेप्टरवर बसतं आणि ती पोटॅशियमची दारं मिटायला मदत करतं. मेथिलिन ब्लू हा निळा रंग सायक्लिक जीएमपी बनवणाऱ्या एंझाइमलाच अडवतो. तो दिल्यावर लघवी निळी-हिरवी होते. नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असतील तर मात्र तो घातक ठरू शकतो, कारण तो सेरोटोनिन मोडणारं एंझाइमही अडवतो. गोळ्यांची यादी इथेही जीव वाचवते.

मेंदूतली फुगलेली धमनी फुटून रक्त पसरतं, तेव्हा साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान जवळच्या धमन्या आवळू लागतात. सांडलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं आणि एंडोथेलिन वाढतं. यासाठी कॅल्शियमची दारं बंद करणारं निमोडिपिन दर चार तासांनी, 21 दिवस देतात. जपानमध्ये 1995 पासून फासुडिल वापरतात, ते रो-कायनेजला अडवतं. एंडोथेलिन अडवणाऱ्या क्लाझोसेंटानने धमन्या मोकळ्या दिसू लागल्या, पण मोठ्या चाचणीत रुग्णांची स्थिती त्या प्रमाणात सुधारली नाही. मेंदूला होणारी इजा फक्त धमनीच्या रुंदीवर ठरत नाही, हे त्यातून दिसलं.

हे सगळं मिनिटांचं आणि दिवसांचं झालं. याच स्नायूपेशींचा दुसरा स्वभाव महिन्यांनी उघड होतो. भिंतीला इजा झाली की प्लेटलेट्समधून वाढीचे निरोप सुटतात. ते ऐकून पेशी आकुंचनाची प्रथिनं बनवणं कमी करते, फुटून दोनाच्या चार होते, आतल्या बाजूला सरकते आणि तिथे तंतुमय पदार्थाचा थर रचते. स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी धातूची जाळी, घातलेली धमनी पुन्हा अरुंद होते ती बऱ्याच अंशी यामुळे. औषध लावलेल्या स्टेंटवरचं सिरोलिमस वाढीच्या या साखळीतलं एमटॉर नावाचं प्रथिन अडवतं आणि पेशी फुटण्याआधीच थांबते. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून सापडलेलं हे औषध 2003 मध्ये अमेरिकेत स्टेंटवर मंजूर झालं. त्याचा तोटाही याच गुणात आहे. ते अस्तराच्या पेशींनाही वाढू देत नाही, धातू उशिरा झाकला जातो, आणि म्हणून गुठळी रोखणाऱ्या गोळ्या कित्येक महिने चुकवून चालत नाही.

पायातून काढून हृदयाला जोडलेल्या शिरेत हीच प्रक्रिया आणखी जोरात होते. शिरेला एरवी अगदी कमी दाबाची सवय असते, तिच्यावर एकदम धमनीचा दाब येतो. पेशींना फुटायला सांगणारा जनुकीय निरोपच गिळून टाकेल अशा एडिफोलिगाइडमध्ये शिरा बुडवून जोडायचा प्रयोग 3,014 रुग्णांवर झाला. निकाल 2005 मध्ये आला. वर्ष-दीड वर्षाने औषधाच्या आणि बिनऔषधाच्या अशा दोन्ही गटांत जवळपास 45 टक्के रुग्णांची किमान एक शिरेची जोडणी निकामी झालेली होती. साखळीतली एक कडी अडवली, तरी पेशीला बाकीचे निरोप मिळत राहिले.

त्याच सुमारास स्वीडनमधल्या एरेब्रो इथे दोमिंगोस सोझा वेगळ्या वाटेने जात होते. शीर काढल्यावर ती गळते का हे पाहायला हाताने सिरिंज दाबून फुगवतात. त्यात दाब पाऱ्याच्या 300 मिलिमीटरच्याही वर जाऊ शकतो आणि अस्तर व स्नायू दोन्ही दुखावतात. सोझांनी शीर भोवतालच्या चरबीसकट, थेट न पकडता काढली आणि अशी फुगवलीच नाही. त्यांच्या गटाने 16 वर्षांनी तपासलं तेव्हा अशा 83 टक्के जोडण्या उघड्या होत्या, नेहमीच्या पद्धतीच्या 64 टक्के. नंतरच्या सगळ्या चाचण्यांत इतका फरक दिसलेला नाही, आणि पायाची जखम भरायला त्रास जास्त होतो. तरीही शीर काढताना फुगवण्याचा दाब मर्यादित ठेवावा आणि ती कोणत्या द्रावणात ठेवली आहे ते पाहावं, याकडे आता खूप ठिकाणी लक्ष दिलं जातं.